अण्णा झाले, शेवंता झाली, माईबद्दल कधी बोलायचं? ('रात्रीस खेळ चाले' आणि इतर मालिका)

सुरंगी (धागाकर्ती)

'रात्रीस खेळ चाले'चा विषय निघाला की पहिलं नाव अण्णा नाईकांचं येतं, मग त्यांचं जिच्याशी प्रकरण होतं त्या शेवंताचं, मग घरगडी पांडूचं. यात वावगं काही नाही. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा उभा केला की आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे घेताना बायका त्याच्या नजरेबद्दल बोलायच्या. पण तीन पर्वं पाहून झाल्यावर माझ्या मनात राहिली ती माई. इंदुमती. अण्णांची लग्नाची बायको. तिच्याबद्दल कुणी धागा काढलेला दिसला नाही, म्हणून मीच काढते आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिलं पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर आलं, रात्री साडेदहाला. गोष्ट सुरू होते ती अण्णा गेल्यावर. पोरं मुंबईहून गावच्या वाड्यात जमतात आणि एकेक प्रकार घडायला लागतात. दुसरं पर्व जानेवारी २०१९ मध्ये आलं, त्यात काळ मागे गेला आणि जिवंत अण्णा दिसले. तिसरं मार्च २०२१ मध्ये, पडझड झालेल्या वाड्यात. चित्रीकरण सावंतवाडीजवळ आकेरीला झालं. तिन्ही पर्वांत माई एकच, शकुंतला नरे.

मला सगळ्यात आधी नजरेत भरलं ते तिचं उभं राहणं. आमच्याकडच्या जुन्या घरांची बांधणी ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. पुढे खळं म्हणजे अंगण, मग लोटा किंवा ओटी, मग माजघर, मागे रांधप म्हणजे स्वयंपाकघर. ओटीवर पुरुषमाणसं, व्यवहार, भांडणं, येणारे-जाणारे. बाईमाणूस माजघराच्या दारात. माई बोलायची ती बहुतेक तिथूनच. एक हात चौकटीवर, पदर सावरलेला, आणि शब्द निघण्याआधी क्षणभर अण्णांच्या तोंडाकडे बघणं. आज यांचा रंग कसा आहे याचा अंदाज घेऊन मग वाक्य सुरू. नरेबाईंनी हा जो क्षणभराचा अंदाज घेणं दाखवलं आहे ना, ते कुठल्याही भुतापेक्षा मला भीतीदायक वाटलं. अशा बायका मी बघितल्या आहेत. दारात पायताणाचा आवाज आला की त्यांच्या हातातलं काम एकदम हळू होतं.

पहिल्या पर्वाच्या वेळी उन्हाळ्यात आम्ही सगळ्या काकीकडे बसून बघायचो. काकी ओले काजूगर सोलत असायची. गरम पाण्यातला गर चिमटीत धरायचा, साल एका बाजूने सोडवायची, गर ताटात, साल सुपात. चिकाने बोटं काळी झालेली, त्यांना खोबरेल लावलेलं. ती टीव्हीकडे फारसं बघायचीच नाही, ऐकायची. दुसरं पर्व सुरू झाल्यावर मात्र माई बोलायला लागली की तिचे हात थांबायचे. एकदा माझी चुलतबहीण वैतागून म्हणाली, ही बाई इतकं सगळं कळूनही या माणसाला सोडून का जात नाही? त्यावर काकी म्हणाली, "खंय जातली बाये? म्हायेर ऱ्हवला आसा काय तिका? सगळे अण्णांकच बघतत. माईक कोण बघता?"

माझं म्हणणं तेच आहे. मराठी मालिकांमध्ये नवऱ्याने फसवलेल्या बायका पुष्कळ झाल्या. 'आभाळमाया'तली सुधा जोशी होती, १९९९ ची. सुकन्या कुलकर्णींनी केलेली. ती शिकलेली, शिकवणारी, स्वतःच्या पायावर उभी. 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या राधिकाने मसाल्यांचा धंदा उभा केला. 'आई कुठे काय करते'तल्या अरुंधतीला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याचं आणि संजनाचं प्रकरण कळलं आणि पुढे तिने घटस्फोट घेतला, गाणं धरलं. या तिघींच्या उठण्याला आपण टाळ्या वाजवल्या, आणि वाजवायलाच हव्या होत्या. पण जिला उठून जायला रस्ताच नाही तिचं काय? तिची गोष्ट सांगायची तर ती गावातच सांगावी लागते, आणि नाईकांच्या वाड्याने ती सांगितली. मधल्या खुनांमुळे आणि भुतांमुळे आपल्याला ती दिसली नाही.

माई काही देवी नाही. ती सुनांना बोलते, पोरांच्या चुका पदराखाली घालते, अण्णांबद्दल वाईट ऐकून घेत नाही. म्हणूनच ती खरी वाटते. तुमच्या लक्षात राहिलेले तिचे प्रसंग लिहा. दुसऱ्या मालिकांतल्या अशा बायका आठवत असतील तर त्याही.

रातांबा

धागा वाचून बरं वाटलं. मी कुडाळचा. अण्णांना एवढं डोक्यावर का घेतलं गेलं याबद्दल माझं एक मत आहे, तेवढं मांडतो.

आपल्याकडचा माणूस लहानपणापासून दशावतार बघतो. जत्रेला देवळासमोर रात्री नाटक उभं राहतं. सामान म्हणाल तर एक बाकडं, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरलेली आणि संवाद जागच्या जागी. त्यात राजपार्टी असते, स्त्रीपार्टी असते आणि राक्षसपार्टी असते. सगळ्यात दणक्यात प्रवेश कुणाचा? राक्षसाचा. पखवाज चढतो, तो ओरडत येतो, बाकड्यावर पाय ठेवतो आणि पोरं शिट्या मारतात. पार्सेकर असो, मोचेमाडकर असो, वालावलकर असो, चांगला राक्षस करणाऱ्या माणसाचं नाव गावोगाव माहीत असतं. त्याच्यावर प्रेम करणं आणि त्याचं वागणं बरोबर मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. अण्णांच्या एंट्रीला घराघरात जी शिटी वाजली ती त्या ओळखीची होती.

पण एक फरक पडतो आणि तो मोठा आहे. दशावतारात राक्षस पहाटेपर्यंत मरतो. उजाडायच्या आत हिशेब पूर्ण होतो आणि माणसं घरी जातात. मालिकेत तो हिशेब वर्षानुवर्षं लांबतो. अण्णा तर मेल्यावरही तिसऱ्या पर्वात परत आले. रोज रात्री राक्षसाचा प्रवेश, वध कधीच नाही. मग शिटी वाजवायची सवय राहते आणि बाकीचं सुटतं. माई न दिसण्याचं कारण मला हे वाटतं.

आणि स्त्रीपार्टीबद्दल. 'राजा हरिश्चंद्र' लागला की तारामतीच्या प्रवेशाला म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावतात. करणारा पुरुष असतो, गालावर निळसर दाढीची छटा दिसत असते, तरी लावतात. माई त्या घराण्यातली आहे. फक्त तारामतीला शेवटी न्याय मिळतो.

तिर्फळ

माईबद्दल सहमत, पण मालिकेबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, तो इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोकण म्हटलं की भूत, करणी, चेटूक, देवचार. बाहेरच्या माणसाला आमच्याबद्दल आधीच एवढंच माहीत असतं. २०१६ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हाही यावर बरीच टीका झाली होती. डॉ. दाभोलकरांचा खून ऑगस्ट २०१३ मध्ये झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याला तीन वर्षं होत नाहीत तोवर रोज रात्री घराघरात लिंबू, बाहुल्या आणि नारळ. मी शाळेत शिकवते. त्या वर्षी पाचवी-सहावीतली मुलं संध्याकाळी एकटी परसात जायला घाबरायची. एका मुलीने मला विचारलं होतं की आमच्या घराच्या मागच्या विहिरीत कोणी आहे का. तिला मी हाताला धरून विहिरीपाशी नेलं, पोहरा सोडायला लावला, पाणी काढायला लावलं. त्यानंतर ती शांत झाली. पण जिला नेणारं कुणी नव्हतं तिचं काय?

गाऱ्हाणं, कौल, राखण हे सगळं आमच्या जगण्यात आहे. ग्रामदैवत रवळनाथाला गाऱ्हाणं घालताना जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात त्यात गाव एकत्र येतो, एकमेकांची काळजी घेतो. तिथे भीती नसते. मालिकेने त्यातली फक्त भीती उचलली.

घाटमाथा

मी साताऱ्याकडचा, सासुरवाडी देवगड. आमच्याकडे मालवणी कुणाला येत नाही तरी घरी सगळे बघायचे. मला नाईकांची सून नीलिमा आवडायची. शिकलेली, प्रत्येक गोष्टीला कारण शोधणारी. तिर्फळताई म्हणतात ते बरोबर असलं तरी मालिकेत त्या बाजूने बोलणारं माणूस होतं हे विसरू नये. तिचं ऐकलं जायचं नाही हा भाग वेगळा. पण वाड्यात सगळे घाबरलेले असताना एक बाई टॉर्च घेऊन पुढे जाते हे बघून माझ्या मुलीला फार धीर यायचा.

सासूबाईंना मात्र नीलिमा अजिबात पसंत नव्हती. "घरातला काय एक करूचा नाय, नुसता बोलूचा," म्हणायच्या.

सुरंगी

@तिर्फळ, तुमचा राग मला पूर्ण पटतो. विहिरीची गोष्ट वाचून पोटात कालवलं. मी मालिकेची वकिली करायला हा धागा काढलेला नाही. भुताटकीचा भाग काढून टाकला असता तर ती आणखी चांगली झाली असती असं मला वाटतं. वाड्यात घडणाऱ्या वाईट गोष्टी शेवटी माणसंच करतात. लोभ, दारू, बाईबद्दलची हाव, जमिनीवरचा डोळा. एवढ्यावर ती उभी राहिली असती.

@रातांबा, तारामतीचं वाचून तुमचा प्रतिसाद काकीला वाचून दाखवला. ती म्हणाली, तारामतीक निदान कोणतरी देव बघी होतो.

सहहिस्सेदार

मी सिंधुदुर्गात वकिली करतो, म्हणून पहिल्या पर्वाकडे माझं लक्ष वेगळ्या कारणासाठी होतं. अण्णा गेल्यावर मालिकेत जे सुरू होतं ते माझ्या ऑफिसात रोज सुरू असतं. बारावं-तेरावं होतं, मुंबईकरांची परतीची तिकीटं असतात, आणि त्याच्या आदल्या रात्री ओटीवर सातबारा निघतो.

माईपुरतं बोलायचं तर तिची कायद्यातली जागा आणि तिची घरातली जागा यांत केवढी दरी आहे ते बघा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आहे. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवेला मुलामुलींच्या बरोबरीचा एक वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीने, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते यावरून वाद चालू होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवले. हक्क जन्माने आहे. म्हणजे कागदावर दत्ता, माधव, अभिराम या मुलांइतकीच मुलगी छाया आणि माई.

आता प्रत्यक्षात काय होतं? वारस नोंद होते तेव्हा तलाठ्याकडे सगळ्यांची नावं जातात, आईचंही जातं. मग थोड्या दिवसांनी हक्कसोडपत्र तयार होतं. आईला आणि बहिणींना तालुक्याला गाडीने आणतात, दुपारी जेवायला घालतात आणि अंगठा किंवा सही घेतात. मी म्हातारीला बाजूला घेऊन विचारतो, कळलं का कशावर सही करताय? बहुतेक जणी म्हणतात, "पोरगे सांगतत ता बरोबरच." एका आजीने मला उलट विचारलं होतं, सही केली नाही तर ते मला जेवायला घालतील का? मी त्यांना सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि सही केली.

कोकणात तर एकेका सातबाऱ्यावर पन्नास-साठ नावं सापडतात. पणजोबाच्या नावावरची जमीन, वाटप कधी झालेलंच नाही, सगळी सामायिक. विकता येत नाही, सोडता येत नाही. घर पडतं पण पाडता येत नाही. तिसऱ्या पर्वातला पडका वाडा बघून मला भुतं आठवली नाहीत, माझ्याकडच्या फायली आठवल्या.

खाडीकाठ

पांडूबद्दल दोन ओळी. त्याचं "इसारलंय" (विसरलो) आमच्या वाडीत पोरांच्या तोंडात अजून आहे. पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, त्यामुळे भाषा आतून आलेली वाटायची. नंतर २०१७ ला 'गाव गाता गजाली' आली तीही त्याच मातीतली. पण पांडू माईशी बोलायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा हे कुणी टिपलंय का? घरातला गडी आणि घरातली बाई. दोघांनाही ओटीवर किंमत नाही. त्या दोघांचे मागीलदारचे प्रसंग मला पूर्ण मालिकेत सगळ्यात जवळचे.

चुलीजवळ

सुरंगी, मला तुमचं अरुंधतीबद्दलचं वाक्य खटकलं. तिला रस्ता होता आणि माईला नव्हता असं सरळ म्हणता येत नाही.

मी रत्नागिरीची, लग्न होऊन ठाण्यात. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, जवळजवळ पाच वर्षं मी बघितली. अरुंधतीने पंचवीस वर्षं 'समृद्धी'त तेच केलं जे माईने वाड्यात केलं. सगळ्यांच्या आधी उठणं, सगळ्यांच्या नंतर जेवणं, इंग्रजी येत नाही म्हणून मुलांकडून ऐकून घेणं. मुंबईच्या बंगल्यात राहिली म्हणून तिच्यासाठी दार उघडं होतं असं नाही. प्रकरण कळल्यावरही ती लगेच बाहेर पडली नाही. किती दिवस त्याच घरात, त्याच माणसांना वाढत राहिली. मधुराणी प्रभुलकरांचं काम मला त्या काळातलंच सर्वांत मोठं वाटतं. घटस्फोटाच्या एपिसोडबद्दल सगळे बोलतात. मला ते आधीचे दिवस आठवतात, जेव्हा ती पानं वाढते आहे आणि कुणाच्या पानात काय हवं हे तिला अजूनही नीट ठाऊक आहे, नवऱ्याच्या, अनिरुद्धच्यासुद्धा.

आणि तिला एक गोष्ट मिळाली जी माईला मिळाली नाही, ती म्हणजे अप्पा. सासरा सुनेच्या बाजूने उभा राहिला. माझ्या मते दरवाजा तिथे उघडला. पैसा आणि शिक्षण नंतर आलं. घरातल्या एका मोठ्या माणसाने तोंडाने म्हटलं पाहिजे की हिचं बरोबर आहे. माईला असं म्हणणारं वाड्यात कोण होतं?

सुरंगी

@चुलीजवळ, तुमचा मुद्दा मी घेते, आणि अप्पांचं तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एक माणूस. फार नाही, एकच.

पण शहर आणि गाव यातला फरक मी सोडणार नाही. अरुंधती बाहेर पडली तर ती दुसऱ्या भागात खोली घेऊ शकते आणि तिथे तिला कुणी ओळखणार नाही. माईला वाडीत पाऊल टाकलं की नाईकांची बाई. दुकानात गेली तरी, देवळात गेली तरी, एसटीत बसली तरी. आणि अण्णा शेवंताकडे जातात हे त्या प्रत्येकाला माहीत. आमच्याकडे लोक तोंडावर काही बोलत नाहीत. दुकानदार दोन पैसे कमी घेतो, शेजारीण विनाकारण वाटीभर सोलकढी आणून देते. त्या वाटीत दया असते, ती घ्यावीही लागते आणि रिकामी परत करता येत नाही म्हणून त्यात चार आमसुलं घालून परतही करावी लागते. नरेबाईंच्या चेहऱ्यावर ते सगळं असायचं. दया झेलणारा चेहरा. राग झेलणारा चेहरा पुष्कळ नट्यांना जमतो.

@सहहिस्सेदार, तुमच्या आजीने विचारलेला प्रश्न मी घरी सांगितला तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. हे तुम्ही सविस्तर लिहा, स्वतंत्र धागा काढून. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी बाईने काय काय विचारावं एवढं जरी लिहिलंत तरी पुष्कळ.

नस्त

मी उलट्या बाजूने बोलणार आहे. माईवर अन्याय झाला, मान्य. पण शेवंतावरही झाला आणि तो आपण प्रेक्षकांनी केला.

अपूर्वा नेमळेकरने शेवंता केली तेव्हा लोकांनी काय पाहिलं? साडी, गजरा, केस मागे टाकणं. त्याचे व्हिडिओ फिरले, त्यावर घाणेरडे विनोद झाले. पण ती बाई काय मागत होती ते बघा. तिला मान हवा होता. पाटणकरांची बायको म्हणून ती आली, अण्णांनी तिच्या संसाराची वाट लावली, आणि त्यानंतर तिला हवं होतं ते एवढंच की या माणसाने मला चारचौघांत आपली म्हणावं. अण्णांनी तेवढं सोडून सगळं दिलं. सहहिस्सेदार सांगतीलच, पहिली बायको असताना दुसऱ्या लग्नाला कायद्याने अर्थ नाही, म्हणजे तिने जे मागितलं ते मिळणं शक्यच नव्हतं आणि अण्णांना हे पुरेपूर माहीत होतं.

तिसऱ्या पर्वात मध्येच नटी बदलली, कृतिका तुळसकर आली. तेव्हा सगळी चर्चा जुनी चांगली की नवी यावर. पात्राबद्दल कुणी बोललंच नाही.

माई आणि शेवंता समोरासमोर येतात तेव्हा आपण कुणाची बाजू घ्यायची ते मालिका ठरवून टाकते. मला दोघींचीही घ्यावीशी वाटायची. दोघींना एकाच माणसाने लुटलं.

सहहिस्सेदार

@नस्त, बरोबर. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल. बायको म्हणून वारसाहक्क नाही. अशा बायका माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा माणूस गेल्यावर. वीस-वीस वर्षं एकत्र राहिलेल्या, त्याच्या आजारपणात उशापायथ्याशी बसलेल्या. त्यांना कागद काय आहेत असं विचारताना मलाच कसंतरी होतं.

@सुरंगी, धागा काढतो. गणपतीनंतर. सध्या चाकरमानी येण्याआधीच्या वाटपाच्या तारखा चालू आहेत.

तिर्फळ

नस्त यांनी लिहिलेलं पटलं. शेवंताबद्दल मी असा विचार केला नव्हता.

एक विचारायचं राहिलं होतं. सरिताबद्दल तुम्हा लोकांना काय वाटतं? दत्ताची बायको. तिला मालिकेने लोभी, भांडखोर दाखवलं. पण गावात राहून सासू-सासऱ्यांचं करणारी तीच. मुंबईचे दीर-जावा चार दिवस येतात, हिस्सा मागतात आणि जातात. ती मागते तेव्हा मात्र हावरी.

रातांबा

सरिताबद्दल अगदी हेच आमच्या घरी झालेलं. आई म्हणायची, माई गप्प बसली म्हणून सरिता बोलायला शिकली. सासूचं काय झालं ते रोज डोळ्यांसमोर बघणारी सून गोड बोलेल कशी?

सुरंगी

सरिता हा फार चांगला विषय काढलात.

माझी वहिनी गावात असते. दादा वेंगुर्ल्यात नोकरीला, आम्ही दोघी बहिणी बाहेर. आंब्याची राखण, फवारणी, गड्यांची मजुरी, बाबांची औषधं, सगळं तिच्या हातात. पावसाआधी शाकारणीला माणूस मिळत नाही म्हणून गेल्या मे महिन्यात ती स्वतः शिडीवर चढून नळे बसवत होती, खाली तिचा मुलगा एकेक नळा वर देत होता. माझ्या आत्याने ते बघून म्हटलं, हिला घराची फार हाव. मी त्या दिवशी आत्याशी भांडले. सरिता मला तेव्हापासून वेगळी दिसते.

मालिकेत सरिता मागते ते तिने केलेल्या कामाचं. मागायची तिची पद्धत वाईट आहे, आवाज चढलेला आहे, कधी ती खोटंही बोलते. पण सरळ मागून मिळालं असतं तर माईला मिळालं नसतं का?

@सहहिस्सेदार, तुमच्या धाग्यात सुनेचाही एक भाग घाला. गावात राहून वीस वर्षं बाग सांभाळणाऱ्या सुनेचं नाव नवरा जिवंत असेतो सातबाऱ्यावर कुठेच नसतं. तिला काही करता येतं का, निदान नवऱ्याच्या वाट्यात तिचं नाव लावून घेता येतं का, आणि त्याला खर्च किती येतो, ते लिहा. वहिनीला मी तुमचा धागा पाठवणार आहे.

सहहिस्सेदार

नवऱ्याच्या वाट्याचं आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर तो आपल्या हिश्शातून बायकोला बक्षीसपत्र करून देऊ शकतो. नोंदणी करावी लागते, मग फेरफार, मग सातबाऱ्याला नाव. सगळं अडतं ते पहिल्या पायरीला, वाटपाला. सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून करता येतं. तुम्ही दोघी बहिणी संमती देणार असाल तर वहिनींना सांगा, चालू सातबारा आणि जुने फेरफार काढून ठेवायला. मी येतो बघायला.